काशीत सोडलेलं दूध

४ जाने. १९७६
आज लाज गेली. स्टँडवरून घरी येताना केळीवाल्याने हाक मारली, ‘ओ पावणं, चप्पल मागं ऱ्हायली की.’ वीसेक पावलं एकाच चपलेवर चाललो, पायाला पत्ता नाही. मुंग्या तर दिवाळीपासूनच आहेत. हिला सांगितलं नाही.

९ जाने.
तोंडाला साबण लावून डोळे मिटले, तोल गेला आणि मोरीतच आडवा झालो. आता हिला कळलंच. शाळेत म्हणे कुजबुज चाललीय, सर पितात. अरे, मी चहासुद्धा कोरा घेणारा माणूस! संताप संताप झाला. मग भीती. पाय गेले की नोकरी गेली. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

१२ जाने.
डॉक्टरांकडे. जीभ बघितली: लालभडक, गुळगुळीत. नादकाटा वाजवून घोट्यावर टेकवला. थरथर कळेना. दोन्हीकडे. रक्त घेतलं.
‘मांस-मच्छी?’ ‘आमच्यात चालत नाही.’
‘दूध?’ ‘काशीत सोडलं. दही, ताक, तूप, सगळं. पाच वर्षं झाली.’
‘दुसरं काही सापडलं नाही सोडायला?’
ही तेव्हाच म्हणाली होती, कारलं सोडा. पण काशीत आवडीचंच सोडायचं असतं. कारलं सोडून देवाला फसवू?

१५ जाने.
बी-१२ जीवनसत्त्व पार संपलंय. रक्त कमी, नसा सुकल्यात. आमच्यासारख्यांना ते दुधातूनच मिळतं म्हणे. औषधाच्या दुकानदाराने थकव्यावर दिलेलं फॉलिकचं, रक्तवाढीचं टॉनिक दोन महिने प्यालो, त्यावर डॉ. भडकले. ‘तोंडावर रंग आला, पाय मात्र आतून जात राहिले.’
इंजेक्शनं सुरू. औषध लालचुटूक. ‘पाय परत येतील?’ ‘बरेचसे. उशीर केलात, सर.’

२ फेब्रु.
जिभेची आग थांबली. भूक लागते. पाय तसेच. डॉ. म्हणतात, कायम इंजेक्शनं घ्या, नाहीतर दूध सुरू करा. हिने ताकाचा पेला पुढ्यात ठेवला. मी सरकवला.
‘देवाला दूध दिलंत, पाय नव्हे,’ म्हणाली आणि रडली. फार वाईट वाटलं.

२१ फेब्रु.
पुन्हा नादकाटा. उजवा घोटा गप्प. डाव्यात बारीक गुणगुण. डॉ.ना दोनदा करायला लावलं.
येताना डाव्या चपलेत खडा गेला. टोचला. काढला नाही, तसाच टोचवत घरी आलो आणि हिच्या हातावर ठेवला.
जेवणाच्या पानाशेजारी ताकाचा पेला आहे. झाकलेला. आज सरकवला नाही.