बोगद्यातली अळंबी

४ मार्च

अळंबी उगवली! पेंढ्याच्या पिशव्यांतून पांढरीशुभ्र डोकी काढून बसली आहेत. खाण बंद करताना कंपनीने पंप नेले, पत्रे नेले, दिवेसुद्धा नेले — बोगदा तेवढा नेता आला नाही. त्यात आता आम्ही सात बायका. ह्यांचे टोमणे चालूच : "छत्र्या विकून कुणाचं घर चाललंय का?" चालवून दाखवते! नाहीतर हे निघालेच आहेत पलीकडच्या खाणीवर. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "आणखी धूळ गिळलीत तर फुप्फुसं संपली." मी जिवंत असेपर्यंत जाऊ देणार नाही.

७ मार्च

टोपल्या घेऊन हे शहरात गेले, रिकाम्या घेऊन आले. "सगळं उचललं गं!" माझ्या हातात नोटा. जाऊबाई तर नाचायच्याच बाकी होत्या. "भावजी, आता तुम्हीच आमचे शेठ!"

२ एप्रिल

दर खेपेला तेच. सगळं उचललं! सातही घरांत दोन वेळा चूल पेटतेय. पलीकडच्या खाणीचं नावसुद्धा काढत नाहीत आता. जिंकले मी!

१९ एप्रिल

पिशव्यांवर करडी पूड दिसली. छताची झडते म्हणाले. खोकला मात्र वाढलाय ह्यांचा. "बोगद्यात ओल असते गं, त्याने होतं." बोगद्यात यायची गरजच काय मग? पण ऐकतील तर शपथ.

३ मे

रोज आम्ही आत जायच्या आधी हे पहारीने छत ठोकून बघतात. खाणीतली जुनी सवय — खणखणीत वाजलं तर आत, बद्द वाजलं तर बाहेर. आज एकाच जागी तीनदा ठोकलं. मग म्हणाले, "कुणीही आत पाऊल टाकायचं नाही."

माल तयार, उद्या काळा पडला असता! मी भांडले. चारचौघींत भांडले. "एवढी भीती वाटते तर घरी बसा!"

"बरं बाई, मी एकटा काढून आणतो." टोपली उचलून गेले.

छत खाली आलं.

४ मे

काढलं त्यांना. नाहीत.

६ मे

ढिगाऱ्यात छिन्नी सापडली. हातोडा सापडला. धातूच्या दगडांनी भरलेलं पोतं. छत पेलायला कंपनीने जे दगडी खांब सोडले होते, ते मागच्या अंगाने निम्मे कोरलेले! चांगला दगड तेवढा खांबांतच उरला होता ना. तो चोरून विकत होते, आमच्या डोक्यावरचं छत विकत होते!

जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "आपण सगळ्या मेलो असतो गं." काय तोंड दाखवू त्यांना? आणि ते पैसे उधळले तरी कुणावर? घरात नवी वाटी आलेली नाही. इतका राग आलाय की रडूही फुटत नाही.

११ मे

माझ्या पडवीतल्या दोन पिशव्यांना अळंबी आली. टोपली घेऊन मीच शहरात गेले, ह्यांच्या त्या व्यापाऱ्याकडे. त्याने हातसुद्धा लावला नाही.

"बाई, पहिली खेप तेवढी घेतली होती मी. इथे कुणी खात नाही हे. तुमच्या मिस्टरांना तेव्हाच सांगितलं, परत आणू नका."

परत आणू नका! म्हणजे सात घरांत मी वाटले ते पैसे त्या खांबांचे. आणि हे दर वेळी रिकाम्या टोपल्या वाजवत, हसत यायचे — "सगळं उचललं गं!"