पिल्लू घरचं होईपर्यंत

आई,

घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. तुला हे मुळीच पटलं नसतं. कुत्रं दारात बरं, असं तुझं म्हणणं, आणि इथं राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटला दारापुढं अंगण नाही, तीन मजल्यांचा जिना आहे. आजऱ्याला नणंदेकडं कुत्री व्याली, तिच्या चार पिल्लांतलं हे एक, दोन महिन्यांचं, डाव्या कानावर तपकिरी ठिपका असलेलं. लेक लग्न होऊन गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मीच हट्टानं आणलं. तुझ्या जावयाला तू पाहिलंच नाहीस, माणूस चांगला आहे, पण फरशीवर थेंब सांडलेला चालत नाही. गाडीत बसायच्या आधीच त्यांनी बजावलं, "पंधरा दिस बघायचं. घरात घाण करायचं थांबलं न्हाय, तर आल्या वाटंनं आजऱ्याला सोडून यायचं. मग रडायचं न्हाय."

गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. झोपून उठलं की खाली न्यायचं, खाल्लं की खाली न्यायचं, रोज एकाच कोपऱ्यात, आणि तिथं केलं की कौतुक करायचं. सांगायला त्यांचं काय जातंय! मी चप्पल पायात घालेपर्यंत ह्याचं उरकलेलं असायचं. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि पेपरची गुंडाळी करून मी दोन फटके दिले. मोठे नव्हते, पण दिले. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर करायचं थांबलं आणि वॉशिंग मशीनच्या मागं करायला लागलं. मी दिसले की पोट फरशीला टेकवून मुकाट पडायचं. खाली नेलं तरी माझ्याकडं बघत अंग चोरून बसायचं, आणि वर आल्यावर मशीनमागं जायचं. बाहेर करायचं असतं हे त्याला कळलंच नव्हतं, मी भीती घालणारी बाई आहे एवढंच कळलं होतं. मशीन सरकवून फरशी पुसताना मला आपला नेसरीचा गोठा आठवला.

मी पंधरा वर्षांची आहे. बाजारातून आणलेली नवी म्हैस कासेला हात लावू देत नाही. तू हाक मारलीस म्हणून मी चरवी घेऊन बसते, आणि ती अशी लाथ घालते की चरवी भिंतीवर. मी दाराआडची काठी घेऊन तिच्या पाठीत दोन ओढते. तिसरी ओढायच्या आत काठी तुझ्या हातात, आणि तुझा आवाज अख्ख्या गल्लीला. "मारल्यानं कोण घरचं हुतंय व्हय गं? तिला आदी आपला वास तरी वळकू दे की!" मग तू अंगावरचं दोन दिवसांचं लुगडं बदललंस, न धुता गव्हाणीच्या कडेवर टाकलंस, आणि तिथंच शेंगा फोडत बसलीस. तिच्याकडं बघितलंही नाहीस. दोन दिवस तू तिच्याजवळ बसलीस आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी चकार शब्द बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी तिनं मान लांब करून तुझा खांदा हुंगला.

मीही तेच केलं. वापरलेली सुती साडी त्याच्या झोपायच्या खोक्यात अंथरली आणि शेजारी फरशीवर लसूण सोलत बसले. खाली नेताना त्याला उचलून नेऊ लागले. पार्किंगच्या कोपऱ्यात माती आहे, तिथं ठेवायचं आणि "कर की बाळा, कर की" म्हणत उभं राहायचं. वॉचमन हसून म्हणाला, "मावशी, त्येला मराठी येतंय व्हय?" अकराव्या दिवशी ते आपणहून दाराशी गेलं आणि नखांनी दार खरवडलं. मी पीठ मळत होते, तशीच भरल्या हातानं त्याला घेऊन जिना उतरले.

पण काल, चौदाव्या दिवशी, पुन्हा टेबलाखाली थारोळं. मी फिनेलनं पुसून घेतेय तोवर बेल वाजली. ह्यांनी बूट काढता काढता विचारलं, "घरात केलं काय आज?" "न्हाय की. शाणं झालंय आता." मी पापणी न लववता बोलले. त्यांनी वाकून त्याचा कान खाजवला, म्हणजे ते राहणार. मला मात्र जेवण गेलं नाही. अशीच एक थाप मी पूर्वी मारली होती, तीही जनावरापायीच, आणि ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

तू गेलीस त्या दिवसापासून त्याच म्हशीनं पान्हा चोरला. दोन दिवस वाट बघून आबा म्हणाले, "तुज्या आईचं लुगडं नेस आन् बस जा." आपल्याकडं सगळेच करतात. मी तुझं लुगडं नेसले, डोक्यावरनं पदर घेतला, बसले. तिनं खांदा हुंगला, पदर चाटला आणि पान्हा सोडला. आबा दारात उभे राहून रडले. पुढं पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. मग एका संध्याकाळी मी रेडकू सोडलं, त्याला सगळं पिऊ दिलं आणि मोकळी चरवी घेऊन बाहेर आले. "आबा, सोडंनाच ओ." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आबा म्हणाले, "जनावराला कळलं गं. धनीण गेली." आठवड्यात ती विकली गेली. धनिणीच्या दुःखानं म्हैस आटली, हे नेसरीत अजून सांगतात. आबा तर मरेपर्यंत अभिमानानं सांगायचे आणि मी शेजारी बसून मान हलवायचे.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, ठाऊक आहे. आणि आबाही राहिले नाहीत, तेव्हा आता सांगून कुणाचं काही बिघडत नाही. मुक्या जनावराला फसवणं जिवावर आलं, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले. तेही खरं नाही. ती त्या पदरात नाक खुपसून डोळे मिटायची आणि मला तिचा संताप यायचा. तिला तू रोज दोन वेळा भेटत होतीस, आई. मला एकदाही नाही.