सारवलेले दगड

९ एप्रिल

शी! सकाळी सकाळी उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर घाण! काल संध्याकाळीच सारवला होता, वर रांगोळीची रेघ ओढली होती — आणि बरोबर रेघेवर! बोटाएवढी लांब, काळी, चिकट, आत बियाच बिया. धुतलं. राख टाकून पुन्हा धुतलं. वास नाकातून जात नाही मेला! कॉफीसुद्धा नको वाटली.

इंचरा आली आणि टाळ्याच वाजवायला लागली. "अज्जी, उदमांजर! धुतलंस कशाला? बिया होत्या त्यात!" बेंगळुरूत काचेच्या इमारतीत बसायची माझी नात. आता जनावराची विष्ठा बघून नाचते. तिचा चेहरा इतका खुलला की मलाही हसू आलं. पण घाण ती घाणच!

१० एप्रिल

पुन्हा! त्याच जागी!

१३ एप्रिल

भूषण येऊन गेला. माझाच मुलगा, पण कपाळावरची आठी बापाची. मोटारीतून पाय खाली टेकवताना तोंड वाकडं करतो. खोटं कशाला बोलू, आठ दिवस म्हणून आले तेव्हा मीही केलं होतं. आहे काय इथे? खडक, तांबडी धूळ, वेड्या बाभळीचे काटे. वारा सुटला की सारातसुद्धा वाळू कचकचते. आणि इंचराला इथे जुनं रान परत आणायचंय! दोन वर्षं तालुक्याच्या रोपवाटिकेतून रोपं आणली. अर्धी उन्हाने नेली, अर्धी गावच्या मेंढरांनी.

जमीन भूषणच्या नावावर. तिला म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर इथे आपलं आपण काही उगवलेलं दाखव. नाहीतर होन्नूरप्पाला देऊन टाकणार."

होन्नूरप्पा गावातलाच, वीटभट्टीवाला. बरोबर आला होता. पान खातो, आणि थुंकला कुठे — माझ्या कट्ट्याच्या कोपऱ्यावर! म्हटलं, "अहो, तिथे आधीच एक गिऱ्हाईक आहे." त्याला कळलं नाही. त्याच्यापेक्षा मांजर परवडलं!

इंचरा रडली नाही. जेवलीही नाही. नाचणीचा गोळा, तिचा आवडता मुद्दे, ताटात तसाच वाळला. मी आधी ओरडले, मग तिच्याजवळ जाऊन बसले.

१७ एप्रिल

दुग्गम्माने देवराईत नेलं. मेंढरंवाली दुग्गम्मा — हिच्याच मेंढरांनी आमची रोपं खाल्ली, तरी बाई गोड आहे. ओढ्यापलीकडे चौडम्मा देवीची राई. चपला बाहेर काढायच्या. आत काय गारवा! खिरणी, टेंभुर्णी, जांभळं — खोडाला दोन हात पुरत नाहीत. वरून पाखरू डोक्यावर शिटलं. अगदी भांगात! शी! आणि दुग्गम्मा म्हणते, "नशीब काढलंत अक्का."

निघताना वेशीच्या दगडापाशी ती थांबली. पदर झटकला, निऱ्या झटकल्या, तळपाय दगडावर घासले. "तुम्हीही झटका. इथलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. नेलं तर आई मागोमाग घरी येते."

"येऊ दे की! कॉफी करून देईन."

दुग्गम्मा हसली नाही. मग मीही गपचूप झटकलं.

घरी इंचरा म्हणाली, "रोपवाटिकेतली झाडं इथल्या खडकात टिकत नाहीत, अज्जी. टिकणारी सगळी त्या राईत आहेत. गेल्या वर्षी मूठभर बी मागितलं, तर गावाने महिनाभर दूध घालायचं बंद केलं." हातात तिच्या वाळकं रोप होतं. फेकवत नव्हतं पोरीला.

२ मे

फिनेल टाकलं, काटे टाकले, लिंबाच्या साली टाकल्या. मांजर येतंच! आज नीट विचार केला. उकिरड्यावर ते बसत नाही. काट्यात नाही, धुळीत नाही. त्याला हवं उंच, झाडलेलं, लख्ख! मेलं माझ्यासारखंच! चामराजपेटला आमची खानावळ होती तेव्हा एक मास्तर यायचे. पुसलेल्या टेबलाशीच बसायचे, आणि मग असं सांडायचे, असं सांडायचे की — जाऊ दे, वारले बिचारे.

तर ठरवलं. त्याला दुसरीकडे जागा करून देते. माझा उंबरा सोड म्हणावं!

३ मे

आमच्याच माळावर, राईच्या दिशेला, पाटासारखा एक दगड आहे. तो झाडला, शेणाने सारवला. हात थांबेना म्हणून रांगोळीही काढली. इंचराला हसून हसून उचकी लागली. "मांजराला रांगोळी!" म्हटलं, हस तू. धुवावं मला लागतं.

५ मे

गेलं! गेलं! दगडावर गेलं! उंबरा स्वच्छ! शिरा केला.

११ मे

घाण झालेला दगड मी पुन्हा शिवत नाही. पुढचा सारवते. तो बाटला की त्याच्या पुढचा. अशी माळरानभर हिंडते आहे, शेणाची बादली घेऊन, या वयात! इंचरा मागून येते. घाण दगडाच्या कडेला माती ओढते, भोवती बाभळीचे काटे लावते. "अप्पांनी आपलं आपण उगवलेलं मागितलंय ना, अज्जी? आणि राईतून आपण काही आणत नाही. बिया मांजराबरोबर आपणहून येतायत." गाल तांबडे झालेत पोरीचे. मी नाकाला पदर लावून पुढे. बघवत नाही!

२८ जून

पावसाने सगळे दगड धुतले. घाण चिरांत गेली. आणि अंथरुणात वाणीकिडे! ही लांब माळ! उशीखालून एक निघाला, चपलेखाली कुरकुर वाजला. 

१९ जुलै

दगडांच्या कडेला हिरवं दिसतंय. मला गवत वाटलं.

दुग्गम्मा मेंढरं घेऊन आली. वाकली, पान चुरगळलं, हुंगलं — आणि तोंडच उतरलं तिचं. "ही आमच्या राईतली टेंभुर्णी. कुणी आणली?"

इंचरा पांढरीफटक.  आता दूधच नाही, गावच बंद होणार!

मीच पुढे झाले. "आम्ही नाही हो. मांजराने आणली. इथून." आणि दाखवलं कुठून ते! एका दगडावर ताजं होतं, तेही दाखवलं. जन्मात कधी कुणाला बोट करून घाण दाखवली नव्हती.

दुग्गम्मा दगडापाशी उकिडवी बसली. "आपणहून आली?"

"रोज येते, मेली!"

"अक्का! आईला मेली म्हणू नका."

मेंढरं वळवून गेली.

९ ऑगस्ट

त्या दिवसापासून एकही मेंढरू आलं नाही. गावातलं कुणाचंच नाही. दूध येतं, न मागता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी

उद्या भूषण येणार, होन्नूरप्पाला घेऊन. कागद करायचा म्हणतो. रोपं जेमतेम वीतभर. आपली आपण उगवलेली खरी, पण इंचरा म्हणते, "अप्पांना हे गवतच वाटणार." रात्रीचं ताटात तसंच. माझंही.

कट्टा दोनदा सारवला. होन्नूरप्पा उद्या थुंकणार, माहीत आहे.

दसरा

भूषण म्हणालाच, "अव्वा, हे गवत आहे."

होन्नूरप्पा पुढे झाला. एका दगडापाशी वाकला, मग दुसऱ्या. थुंकायला मान वळवली, समोर रोप दिसलं — आणि गिळलं! सगळं पान गिळलं! शी!

कुंपणापाशी थांबला. धोतर झटकलं, तळपाय घासले. "साहेब, इथलं काही न्यायचं नसतं." एवढंच. कागद न करताच पायी निघून गेला.

 भूषणने बूट काढले आणि एकमेकांवर आपटले.

मी कॉफी टाकली. एक लोटा जास्तीचा भरला आणि सारवलेल्या दगडावर नेऊन ठेवला.