किचनसाठी उचललेली भिशी

आई, तुझ्या भिशीत लबाडी झाली, आणि ती माझ्यासाठी झाली. तू गेल्यावर तुझ्या जागी मी बसते. सातपूरची तीच कॉलनी, बहुतेक त्याच बायका. दर महिन्याला पैसे गोळा करायचे, डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. बाबांचा कारखाना बंद होता तेव्हा शेजारच्या काकू तुला म्हणाल्या होत्या, "या खेपेला तुम्हीच उचला, कोण काय बोलतंय?" तू म्हणालीस, "नाव निघालं तर उचलीन." निघालं नाही. महिनाभर आपण पिठलं खाल्लं, आणि तू ते पक्वान्नाच्या तोऱ्यात वाढलंस.

आता माझं ऐक. चाळिशी उलटल्यावर मी मूल व्हावं म्हणून आयव्हीएफच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले. भिंतीभर गुटगुटीत बाळं, आणि काउंटरवरची मुलगी सहलीची तिकिटं विकावीत तशी विचारते, "मॅडम, एकच सायकल घेताय की तीनचं पॅकेज?" मावशी म्हणाली, त्र्यंबकला नारायण नागबळी कर, चौकशी केली तर तिथेही पॅकेजच. विम्याच्या लेखी मूल नसणं हा आजारच नव्हे. पहिल्या खेपेत आमची सगळी साठवण गेली आणि हाती काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. भिशीत मी सांगून ठेवलं, "किचन करायचंय."

त्या दुपारी काकूंनी डबा हलवला, एक चिठ्ठी उचलली आणि म्हणाल्या, "घे गं, तुझंच नाव." चिठ्ठीची घडी अजून मोडलेली नव्हती. बायका एकदम चिवड्यातले शेंगदाणे शोधू लागल्या. मी डब्याकडे हात नेला तर काकूंनी झाकण दाबलं. "उचल मुकाट्यानं. तुझं किचन नीट होऊ दे, आम्ही बारशाला येतो."

दुसऱ्या खेपेला जमलं, आई. पाचवा महिना चालू आहे. तपासणीहून परतताना मी रिक्षात एकटीच हसते, आणि रिक्षावाला आरशातून जपून बघतो.

हे मी तुझ्या फोटोपुढेही वाचणार नाही. तू असतीस तर डबा पालथा करून पुन्हा चिठ्ठ्या लिहायला लावल्या असत्यास. इतक्या वर्षांत त्या एका दुपारी, तू तिथे नव्हतीस याचं मला बरं वाटलं.