विहिरीवरच्या फळ्या

माकुणसार, मंगळवार, दिवेलागणीला. १९९७

उद्या पापण्यांत सुया. वर्षभर माझे डोळे मनाला येईल तेव्हा घट्ट मिटतात, बोटांनी ओढून उघडावे लागतात. परवा विड्याची पानं लावताना मिटले आणि सडकी पानं चांगल्यांत गेली. अख्खी करंडी नासली.

डॉक्टर म्हणाले, "हे औषध मुळात विषच, पण अगदी कणभर. त्यानं पापणी आवळणारा स्नायू सैल पडेल."

आणि जास्तच सैल पडला तर?

"एखादी पापणी काही आठवडे लोंबेल. मग येते वर."

येते ना? नक्की? विष हा शब्द मी घरी काढलाच नाही.

सासूबाईंना कसली भीतीच नाही. "काय नाय होत गो. मुंगी चावल्यासारकं वाटल," म्हणाल्या आणि पानं पुसत बसल्या. रागच आला मला. डोळे माझे जाणार, यांचं काय?

मग म्हटलं, आंधळं होऊन बघूच. मघाशी डोळे मिटून वाडीत शिरले, केळींना हात लावत, बिनकठड्याच्या विहिरीकडे. पाण्याचा गारवा लागला की थांबणार होते. गारवा लागलाच नाही. पाय लाकडावर पडला. डोळे उघडले तर विहिरीवर फळ्या! काथ्याने एकमेकींना बांधलेल्या. सकाळी नव्हत्या त्या.

घरात येऊन फळ्यांचं विचारलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. "कुत्रा पडल म्हणून टाकल्या."

आमच्याकडे कुत्रा नाही.