पोरगाच हाय ती!

४ जानेवारी, भवानीनगर
पुन्हा आमच्या संघातली राजलक्ष्मी! चौघींना ओढत रेघ गाठली — खरंय, गाठली. पण समोरच्यांची मेन चढाईवाली कुणी धरली? मी! उजव्या कोपऱ्यातून घोटा धरला, सोडलाच नाही. कर्णधार पण मीच. माईकवाला काय म्हणाला? 'पोरी पण बघा कशा चिकटत्यात!' लोक हसले. आणि राजलक्ष्मीला — 'काय गडी हाय! पोरगाच हाय पोरगा!' शिट्ट्यांवर शिट्ट्या.
मला गडी कुणी म्हणत नाही. त्यात नाव छकुली. मग तर बोलायलाच नको.

६ जानेवारी
पळसदेवच्या सामन्यांचा फ्लेक्स लागला. 'भव्य कबड्डी स्पर्धा'. खाली बारीक अक्षरात — 'तसेच मुलींचे सामने'. पोरांची ती कबड्डी, आमची ती मुलींची कबड्डी. आमचा सराव घेणाऱ्या दादासो सरांना म्हणलं तर म्हणाले, 'फोटो घेतलाय की तुमचा.'
फोटो राजलक्ष्मीचा. एकटीचा.

९ जानेवारी
आईपण! भाकरी थापता थापता — 'काटेवाडीच्या त्या राजलक्ष्मीवाणी खेळावं. बाप्याच्या वरताण.' ताट तसंच ठेवून उठले.

११ जानेवारी
केस कापले. तिच्यासारखे, बारीक. सर म्हणाले, 'आत्ता कसं!' दिवसभर बरं वाटलं.
राजलक्ष्मी म्हणाली, 'कशाला कापलंस गं? मला तर वाढवायचेत.' तिला काय जातंय बोलायला!

१७ जानेवारी, पळसदेव
सेमीफायनल. राजलक्ष्मीनं एका चढाईत तिघी बाद केल्या. सगळं मैदान ओरडत होतं — पोरगाच हाय! पोरगाच हाय! तेवढ्यात समोरच्या संघाचा मॅनेजर उठून पंचांकडं गेला. हसत हसत म्हणाला, 'सायेब, सगळी म्हणत्यात पोरगाच हाय. मग आमी बी तेच म्हणतो. तपासा.'
खेळ थांबला. राजलक्ष्मी रेघेवर उभी, कमरेवर हात. चेष्टा वाटली तिला, हसत होती. मग हसायची थांबली.
तिचं आधार कार्ड दाखवलं. तरी मॅनेजर ऐकेना. शेवटी पंचांनी मला बोलावलं. 'तू कॅप्टन ना? तू सांग. पोरगीच हाय ना ही?'
सहावीपासून आम्ही एका खोलीत कपडे बदलतोय. एकच शब्द बोलायचा होता — व्हय.
मी म्हणाले, 'मला काय माहीत, सर.'
का म्हणाले ते मला कळतंय. लिहवत नाही.
तिला बाहेर बसवलं. तिच्या जागी चढाईला मी गेले. जिंकलो.

१८ जानेवारी
फायनल हरलो. येताना ती ड्रायव्हरशेजारी बसली. उन्हाचं, डोक्यावरून ओढणी घेऊन.

२५ जानेवारी
ती सरावाला येत नाही. फोन उचलत नाही. सर म्हणाले, 'पोरींचं असंच. लगेच मनाला लावून घेत्यात.'
परवापर्यंत पोरगा होती!

२७ जानेवारी
काटेवाडीला गेले. राजलक्ष्मी गोठ्यात धार काढत होती. मान वर केली नाही.
'लोकांचं काय न्हाय गं,' म्हणाली. 'पंचांनी तुला बोलवलं तवा मला हायसं वाटलं. म्हणलं, बरं झालं, छकुलीलाच इचारत्यात.'