लिंबाचे डहाळे

प्रिय मोहिनी,

प्रभू येशूत सलाम. साराचा खोकला कसा हाय? तिला फ्रीजचं पाणी देऊ नकोस. तू लाडानं देतेस, मला ठाऊक आहे.

काल फोनवर तू बजावलंस, आत्याबाई, सोमवारी माजलगावला साक्ष आहे, नीट बोला, त्या तानाजीला शिक्षा झालीच पाहिजे. मी हो म्हणाले. माझा लेक शमू जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी अजून चहाला दोन कप पाणी टाकते. मग दोन्ही मीच पिते.

तुला सगळं माहीतच आहे. तानाजीचा उसाचा ट्रॅक्टर भर दुपारी दिंद्रुडच्या रस्त्यावर बंद पडला. तो मिस्त्री आणायला गेला आणि मागून आपल्या शमूची गाडी ट्रॉलीवर आदळली. मी शेजारच्याच रानात कापूस वेचत होते, सगळ्यात आधी मीच पोचले. तानाजी म्हणतो, लांबून दिसावं म्हणून मागं लिंबाचे डहाळे टाकले होते. पोलिसांना ट्रॉलीमागं एकही दिसला नाही. तू त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालीस. त्याच्या आईनं, वत्सलाबाईनं, माझ्यापुढं पदर पसरला. आणि हवालदारानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला काही दिसलं न्हाई."

रोज सकाळी प्रार्थनेला बसते. आम्हाला मोहात पडू देऊ नको, इथं आलं की जीभ अडते. मनातला तो गोडबोल्या म्हणतो, एस्तेर, लेक गेला, आता सून आणि नातही घालवतेस का? गप राहण्यात कसलं आलंय पाप? त्याचं बोलणं लई पटतं गं, त्याचंच मला भ्या वाटतं. एकदा तर मी देवाशीच भांडले. तुझाही मुलगा मेला, पण तुला तिसऱ्या दिवशी परत मिळाला, तू मला काय शिकवतोस, असं म्हणाले. मग लाज वाटली, लई रडले.

परवा बायबलात प्रभूच्या शिष्याचं, पेत्राचं वाचलं. लहानपणी मला त्याचा राग यायचा. शेकोटीपाशी एका दासीनं नुसतं हटकलं, तर हा गडी प्रभूला ओळखतच नाही म्हणाला! पण त्याला निदान स्वतःचा जीव वाचवायचा होता. मी कुणाचा वाचवला? एवढं होऊनही प्रभूनं त्याला टाकलं नाही, त्या आधारावर मी हे लिहायला बसले.

मोहिनी, डहाळे होते. चांगले ताजे, हिरवेगार. शमूला ते काहून दिसले नाहीत, हे मी मरेपर्यंत देवाला विचारीन. तो रस्त्यात पडला होता, तोंडावर ऊन येत होतं, डोळे मिटत नव्हते. मीच ते डहाळे ओढत आणले आणि त्याच्यावर सावली धरली. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला उचलताना ते नालीत फेकून दिले. सोमवारी मी हे सगळं कोर्टात सांगणार आहे. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू माझा फोन उचलणार नाहीस, साराला इकडं पाठवणार नाहीस, हे धरूनच मी जाणार आहे. तू राग धर, तुझा हक्कच आहे. फक्त साराला आजी वाईट होती असं सांगू नकोस. भित्री होती म्हण.

तू मानलंस तर तुझीच,
आत्याबाई